तेरा ते सतरा वयाची मुलं सोबत असतील तर क्रूझचं जहाज कसं निवडायचं: सोलापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सुट्ट्या जवळ आल्या की सोलापुरातल्या टूर ऑफिसांत क्रूझची चौकशी सुरू होते, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "माणशी किती पडतं?" भाव विचारायलाच हवा. पण घरात आठवी ते बारावीतलं लेकरू असेल तर त्याच्याही आधी एक प्रश्न विचारा. रात्री नऊ ते बारा या वेळात आमचं पोर या जहाजावर कुठे असेल, आणि कुणाबरोबर?

लहान मुलांचं जहाजावर सोपं असतं. पाणी दिसलं, घसरगुंडी दिसली की झालं. मोठ्यांचंही सोपं असतं, कारण स्वयंपाक नाही, फोन नाही, समोर समुद्र आहे. अडचण मधल्यांची होते. पंधरा वर्षांच्या मुलीला लहान मुलांच्या खोलीत पाठवलं तर तिला अपमान वाटतो आणि मोठ्यांच्या बऱ्याच जागांवर तिला प्रवेशच नसतो. तिला हव्या असतात दोनच गोष्टी: आपल्या वयाची चार मुलं, आणि आईवडील हाकेच्या अंतरावर असूनही समोर बसलेले नाहीत अशी एखादी जागा. हे ज्या जहाजावर मिळतं ते तुमच्या घरासाठी योग्य जहाज. बाकी सगळं, म्हणजे बाल्कनी, बुफे, झुंबरं, त्यानंतर बघायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: जहाजाचा नकाशा मुलांच्या हातात द्या

प्रत्येक क्रूझ कंपनीच्या संकेतस्थळावर जहाजाचा मजलावार नकाशा असतो. त्याला डेक प्लॅन म्हणतात. तो मोबाइलवर बघू नका, प्रिंट काढा आणि जेवणाच्या टेबलावर पसरा. माझ्या भावाच्या घरी, जुळे सोलापुरात, आम्ही असंच केलं. भाऊ आपली खोली लिफ्टपासून किती लांब आहे ते मोजत होता, वहिनी डायनिंग हॉल शोधत होती. नववीतल्या पुतणीने मात्र वरच्या मजल्यावरून बोट फिरवायला सुरुवात केली आणि एका चौकोनावर थांबली. "काका, ही टीनवाल्यांची खोली तर बालवाडीला चिकटून आहे. इथं कोण येणार?" तिचं बरोबर होतं. टीनएजरची जागा पाळणाघराशेजारी असेल तर मोठी मुलं तिकडे फिरकत नाहीत. ती जागा खेळाच्या कोर्टजवळ, आर्केडजवळ (म्हणजे व्हिडिओ गेमच्या खोलीजवळ) किंवा उघड्या डेकवर असेल तर तिथे गर्दी जमते.

नकाशात या जागा शोधायला सांगा: टीन क्लब (किशोरवयीन मुलांची खास जागा), बास्केटबॉल किंवा बहुउपयोगी कोर्ट, आर्केड, चढाईची भिंत, वॉटर स्लाइड, रात्री उशिरापर्यंत फुकट मिळणारा पिझ्झा किंवा तत्सम खाण्याचा काउंटर, आणि नुसतं बसायची एखादी मोकळी जागा. शेवटच्या दोन गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण या वयाच्या मुलांच्या गप्पा नेमक्या तिथेच रंगतात.

पायरी २: वयाचे गट बारकाईने वाचा

"सर्व वयोगटांसाठी उपक्रम" हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असतं. त्यावरून काहीच ठरत नाही. नेमके गट विचारा.

एमएससी आणि कार्निव्हल या कंपन्या मोठ्या मुलांचे दोन गट करतात: १२ ते १४ आणि १५ ते १७. डिस्नेच्या जहाजांवर 'एज' हा ११ ते १४ चा आणि 'व्हाइब' हा १४ ते १७ चा क्लब असतो. नॉर्वेजियनच्या जहाजांवर 'आन्टुराज' नावाचा एकच क्लब १३ ते १७ वयासाठी असतो. गट एकच असेल की दोन, याने बराच फरक पडतो. सातवी-आठवीतल्या मुलाला अकरावीतली मुलं जवळ करत नाहीत आणि अकरावीतल्या मुलीला बारा वर्षांच्या पोरांबरोबर खेळायचं नसतं. तुमच्या घरात तेरा आणि सोळा अशी भावंडं असतील तर दोन गटांचं जहाज घ्या. दोघांना आपापली जागा मिळते आणि भांडणंही कमी होतात.

एक अडचण आधीच ओळखा. बऱ्याच कंपन्या वय जहाज सुटण्याच्या दिवसाचं धरतात आणि गटाबाहेर सहसा सोडत नाहीत. जिवलग मावसभाऊ, एक चौदाचा आणि एक पंधराचा, वेगवेगळ्या क्लबात जाऊ शकतात. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला तर टीन क्लबात येताच येत नाही, आणि जिथे कॅसिनोचं वय २१ आहे तिथे तो तिकडेही जाऊ शकत नाही. बारावीनंतरच्या सुट्टीत सफर ठरवत असाल तर वाढदिवसाची तारीख कॅलेंडरवर बघून मगच बुकिंग करा.

टीन क्लबाला सहसा वेगळे पैसे पडत नाहीत. तिथे कर्मचारी असतो आणि दारू नसते. लहान मुलांसारखं पालकांनी सही करून सोडायचं-न्यायचं बंधन या वयाला नसतं, मुलं आपली आपण येतात-जातात. हे तुम्हाला चालणार आहे का, त्याचा विचार घरीच करून ठेवा.

पायरी ३: तारीख ठरवताना इतर मुलांच्या शाळा बघा

टीन क्लब कितीही सुंदर असला तरी त्यात मुलं नसतील तर ती नुसती रिकामी खोली. म्हणून माझ्या मते तारीख जहाजाइतकीच महत्त्वाची आहे.

आपल्याकडे स्टेट बोर्डाच्या शाळांना मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा सुट्टी असते. सीबीएसईवाल्यांचं वेळापत्रक वेगळं. सिंगापूरच्या शाळांना मोठी सुट्टी दोनदा असते: मे अखेरीपासून जूनअखेरपर्यंत आणि पुन्हा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. त्यामुळे सिंगापूरहून सुटणारं जहाज निवडत असाल तर मे महिन्याचा शेवटचा आणि जूनचा पहिला आठवडा हा दोन्हीकडच्या सुट्ट्यांचा सांधा आहे. भाडं जास्त लागतं, पण जहाज मुलांनी भरलेलं असतं. त्याच जहाजाची फेब्रुवारीतली सफर स्वस्त दिसेल. तिच्यावर निवृत्त जोडपी आणि लहान बाळं घेतलेले पालक जास्त असतील, तुमचा मुलगा एकटा पडेल.

मुंबईहून जायचं असेल तर दिवाळीची सुट्टी आणि नाताळ हे दोन काळ सर्वांत चांगले. महाराष्ट्र-गुजरातेतली कुटुंबं मुलांसह येतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्रही शांत असतो. मेच्या उत्तरार्धापासून लाटा वाढायला लागतात, वादळांचाही तोच हंगाम. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्याची सफर नकोच.

मुंबईच्या छोट्या सफरींत शनिवार-रविवार धरून सुटणारी आणि आठवड्याच्या मधल्या वारांची, असे दोन प्रकार दिसतात. शनिवार-रविवारी मित्रांचे गट, ऑफिसचे गट, लग्नाआधीच्या पार्ट्या यांची वर्दळ असते. मुलं सोबत असतील तर मी मधले वार घेईन आणि एक रात्र वाढवून लक्षद्वीपपर्यंत जाणारी सफर बघेन.

दहावी-बारावीचं वर्ष असेल तर परीक्षेआधी जाऊ नका. मुलाचं लक्ष लागत नाही आणि घरच्यांचंही.

पायरी ४: जहाज किती मोठं, आणि माणशी किती जागा

जहाजाचा आकार 'ग्रॉस टनेज' या आकड्यात सांगतात. नाव टनेज असलं तरी ते वजन नसतं, जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप असतं. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागा. प्रवासी संख्या दोन माणसं एका केबिनमध्ये या हिशेबाने धरायची. येणारं उत्तर म्हणजे माणशी मोकळीक. ३० च्या आत असेल तर गर्दी जाणवते, ४० च्या पुढे असेल तर जहाज ऐसपैस.

मुंबईहून जाणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज १९९० चं. टनेज सुमारे ४८,५००, लांबी २११ मीटर. भागाकार तिशीच्या आसपास किंवा थोडा खाली येतो. सिंगापूरहून सुटणारं गेंटिंग ड्रीम २०१६ चं, टनेज दीड लाखावर, प्रवासी साधारण ३,३५०, म्हणजे ४५ च्या घरात. रॉयल कॅरिबियनचं स्पेक्ट्रम ऑफ द सीज २०१९ चं, टनेज १,६९,००० आणि प्रवासी ४,२०० च्या वर, म्हणजे ४०. याच कंपनीचं २०२४ मध्ये आलेलं आयकॉन ऑफ द सीज तर अडीच लाख टनेजच्या जवळ आहे, पण ते अमेरिकेतल्या मायामीहून कॅरिबियन समुद्रात जातं.

किशोरवयीन मुलांसाठी मोठं जहाज बरं, हे माझं स्पष्ट मत आहे. मोठ्यांना छोट्या जहाजावर निवांत वाटतं. मुलांना मात्र फिरायला गल्लीबोळ लागतात. छोट्या जहाजावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं बघून होतं. म्हणून छोटं जहाज निवडलं तर सफरही दोन-तीन रात्रींची ठेवा.

पायरी ५: आपल्याला जमण्यासारखी जहाजं

आता प्रत्यक्ष नावांकडे येऊ. कंपनीच्या नावावर जाऊ नका, जहाजाचं नाव विचारा. एकाच कंपनीच्या दोन जहाजांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि कंपन्या हंगामाप्रमाणे जहाजं या बंदरातून त्या बंदरात हलवतात. एजंटने दिलेल्या कोटेशनवर जहाजाचं नाव छापलेलं नसेल तर ते परत करा.

मुंबईहून: कॉर्डेलियाचं एम्प्रेस गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करतं. पासपोर्ट लागत नाही, अशा देशांतर्गत सफरींना सरकारी ओळखपत्र चालतं. भाषा आपली, जेवण आपलं, जैन जेवणही मिळतं. जहाजावर पोहण्याचा तलाव, चढाईची भिंत, नाचगाण्यांचे कार्यक्रम आणि लहान मुलांसाठी कॉर्डेलिया अकॅडमी आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं इथे छान जमतं. सोळा-सतरावाल्यांना मात्र बरोबर चुलत-मावस भावंडं किंवा मित्राचं कुटुंब हवंच, कारण जहाज लहान आहे. दोन-तीन कुटुंबांनी मिळून जायचं असेल तर पहिल्या सफरीसाठी हेच सुचवेन. समुद्र मुलांना मानवतो का, ते कमी खर्चात कळतं.

सिंगापूरहून गेंटिंग ड्रीम: तीन-चार रात्रींत मलेशिया किंवा थायलंडची बंदरं. इथला सगळ्यात वरचा डेक मुलांसाठीच बांधल्यासारखा आहे: वॉटर स्लाइड, दोरांवरून चालायचा कोर्स, समुद्राकडे झेप घेणारी झिपलाइन, चढाईची भिंत, मिनी गोल्फ आणि आत बोलिंग. भारतीय, शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय चांगली. उणीव एकच. इथला लिटल ड्रीमर्स क्लब १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्यामुळे मोठ्या मुलांच्या ओळखी क्लबात होण्याऐवजी खेळांच्या रांगेत होतात. बोलक्या मुलाला ते पुरतं, लाजाळू मुलाला जड जातं.

सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन: क्वांटम वर्गातली जहाजं इथे हंगामाप्रमाणे येत असतात. त्यांच्यावर काचेची नॉर्थ स्टार कुपी असते, ती समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० फूट उंच जाते. हवेच्या झोतावर तरंगायचा आयफ्लाय, कृत्रिम लाटेवर सर्फिंगचा फ्लोरायडर, आणि सीप्लेक्स नावाचं बंद क्रीडांगण असतं, तिथे कधी बास्केटबॉल तर कधी बंपर कार. टीन क्लब वेगळा असतो. माझा कल सोळा-सतरा वयासाठी या वर्गाकडे आहे. एक मात्र बघा, याच कंपनीचं जुनं जहाज त्या तारखेला लागलं असेल तर यातलं अर्धं काही नसेल.

डिस्ने ॲडव्हेंचर: सिंगापूर हेच याचं घरचं बंदर. टनेज दोन लाखांच्या वर. अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी उत्तम. सतरा वर्षांच्या मुलाला राजकन्या आणि सुपरहिरोंची हौस उरली आहे का, हे त्यालाच विचारा. भाडं बाकीच्यांपेक्षा चढं असतं.

युरोपात भूमध्य समुद्रात एमएससी आणि कोस्टाची जहाजं आहेत. इतिहासाची आवड असलेल्या मुलांसाठी बंदरंच इतकी भरगच्च की जहाजावरच्या खेळांची फारशी गरज पडत नाही. पण शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) आणि विमानभाडं धरता ही सफर वर्षभर आधी ठरवायची.

पायरी ६: उंची, वजन, वयाच्या अटी

घरी भिंतीला पाठ लावून मुलाची उंची मोजा आणि लिहून ठेवा. फ्लोरायडरवर पोटावर झोपून सर्फिंग करायला ५२ इंच म्हणजे चार फूट चार इंच उंची लागते. उभं राहून करायला ५८ इंच, म्हणजे चार फूट दहा इंच. बाराव्या-तेराव्या वर्षी आपल्याकडची बरीच मुलं नेमकी या दोन आकड्यांच्या मध्ये असतात. अर्धा तास रांगेत उभं राहून कर्मचाऱ्याने पट्टी लावून परत पाठवलं की त्या वयात ते फार लागतं, त्यात मागे धाकटी बहीण हसत असते. आधी माहीत असेल तर मूल स्वतःच दुसरा खेळ निवडतं.

झिपलाइन, दोरांचा कोर्स, आयफ्लाय यांनाही उंची, वजन आणि बुटांच्या अटी असतात. चष्मा असेल तर मागून बांधायचा पट्टा घ्या. अल्पवयीनांसाठी पालकांची सही लागते, ती शक्य तिथे घरूनच ऑनलाइन करून ठेवा. काही खेळांच्या वेळा आधी आरक्षित कराव्या लागतात. जहाजावर चढल्याबरोबर पहिलं काम तेच करायचं, जेवण नंतर.

पोहता येत नसेल तर निघण्याआधी दोन महिने शिकवा. जहाजांवरचे तलाव लहान असतात, पण प्रत्येक तलावावर जीवरक्षक असतोच असं नाही. तलावात सुती कपडे आणि जीन्स चालत नाहीत. अंगभर पोहण्याचे कपडे नायलॉन-लायक्राचे असतील तर बहुतेक जहाजांवर चालतात. मुलींना त्यात मोकळं वाटतं, तेव्हा एक जोड नव्या पेठेतून आधीच घेऊन ठेवा.

पायरी ७: केबिन

चौघांची एक केबिन स्वस्त पडते. पण साधी केबिन दीड-पावणेदोनशे चौरस फुटांची असते. तिसरा-चौथा पलंग म्हणजे सोफा किंवा छतातून खाली येणारा बंक. पावणेसहा फुटी मुलगा त्यावर चार रात्री नीट झोपत नाही, आणि चौघांत एकच बाथरूम.

परवडत असेल तर दोन केबिन घ्या. आईवडिलांना बाल्कनीची आणि समोरची बिनखिडकीची आतली केबिन मुलांना. मुलांना खिडकीचं काही पडलेलं नसतं, ती खोलीत फक्त झोपायला येतात. किंवा मधे दार असलेल्या जोड-केबिन मागा. त्या थोड्याच असतात, म्हणून लवकर बुक करा. कागदोपत्री मात्र प्रत्येक केबिनमध्ये एक प्रौढ लागतो, आणि काही सफरींवर प्रौढ म्हणजे २१ पूर्ण. म्हणून एका केबिनवर वडिलांचं आणि दुसरीवर आईचं नाव टाकतात.

तीन सूचना. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांवर हेलकावे सर्वांत कमी लागतात. नाइट क्लबच्या किंवा स्वयंपाकघराच्या थेट वर-खाली केबिन घेऊ नका. आणि 'गॅरंटी केबिन' नावाचा स्वस्त पर्याय असतो, त्यात खोली कंपनी ठरवते. दोन केबिन एकमेकींपासून दोन मजले लांब येऊ शकतात, तेव्हा मुलं सोबत असताना तो टाळा.

पायरी ८: खरा खर्च काढा

जाहिरातीतला आकडा दोघांच्या केबिनमध्ये माणशी असतो. त्यात हे मिळवा: बंदर शुल्क आणि कर, रोजचं सेवाशुल्क (ते माणशी रोज लागतं आणि बहुतेक ठिकाणी मुलांनाही मोठ्यांइतकंच), वायफाय, शीतपेयं, आर्केडचे खेळ, काही खेळांचं वेगळं तिकीट, किनाऱ्यावरची सहल, विमा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा कर, कापतात. तो तुमच्याच पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणात वळता करून घेता येतो. पण निघताना तेवढी रक्कम हाताशी लागते. एमएससीसारख्या काही कंपन्यांकडे दोन मोठ्यांबरोबर एकाच केबिनमध्ये राहणाऱ्या १८ खालच्या मुलाला पुष्कळ सफरींवर भाडं नसतं, फक्त बंदर शुल्क पडतं. तिथे एक केबिन की दोन, हा हिशेब पुन्हा मांडा.

या वयाच्या मुलांसाठी दोन खर्च हमखास वाढतात. पहिला वायफाय. अलीकडे रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांनी स्टारलिंक हे उपग्रहावरचं इंटरनेट घेतल्यापासून वेग बरा मिळतो, पण पैसे उपकरणामागे आणि दिवसामागे मोजतात. चौघांत दोन जोडण्या पुरतात. मोबाइल विमानाच्या मोडवरच ठेवायला सांगा. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन आपोआप त्याला जोडला गेला तर रोमिंगचं बिल हजारोंत येतं. दुसरा खर्च आर्केड. मुलाच्या जहाज-कार्डावर (जहाजावर पैशांऐवजी वापरायचं कार्ड) खर्चाची मर्यादा घालता येते का ते स्वागतकक्षात विचारा आणि पहिल्याच दिवशी घाला.

पायरी ९: कागदपत्रं आणि सोलापूरहून बंदरापर्यंत

पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट जास्तीत जास्त पाच वर्षांसाठीच असतो. दहाव्या वर्षी काढलेला पासपोर्ट नेमका दहावीच्या सुमारास संपतो आणि हे विमानाचं तिकीट काढताना लक्षात येतं. परतीच्या तारखेनंतर सहा महिने मुदत शिल्लक हवी. आत्याबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर मुलांना पाठवत असाल तर आई-वडील दोघांचं संमतिपत्र, शक्यतो नोटरी करून, मूळ प्रतीत सोबत द्या.

सिंगापूरच्या सफरीत जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं, म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचाच हवा. सिंगापूरचं ऑनलाइन आगमनपत्र विमानाने उतरताना आणि पुन्हा जहाजाने परतताना, असं दोनदा भरावं लागतं. मलेशिया-थायलंडचे नियम बदलत असतात, बुकिंगच्या दिवशी आणि निघायच्या आठवड्यात असं दोनदा तपासा.

मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, सीएसएमटीवरून टॅक्सीने जवळच. सकाळी सहाच्या सुमाराला सुटणारी वंदे भारत दुपारी साडेबाराच्या पुढे सीएसएमटीला पोचते. गाडी तासभर लेट झाली तरी जहाजाची वेळ गाठताना जीव खालीवर होतो, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरा. सकाळी उतरून अंघोळ, नाश्ता करून आरामात बंदरावर जाता येतं.

सिंगापूरसाठी मुंबईबरोबर हैदराबादचाही विचार करा. सोलापूरहून रस्त्याने हैदराबाद साधारण ३०० किलोमीटर, मुंबई ४०० च्या आसपास. शमशाबादहून सिंगापूरला थेट विमान आहे. तेलुगु बोलणाऱ्या आपल्या बऱ्याच सोलापूरकरांचे तिकडे नातेवाईकही असतात, मुक्कामाचा प्रश्न सुटतो. कुठूनही निघा, जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी सिंगापुरात पोचा.

पायरी १०: पोट आणि समुद्र

या वयाची मुलं रात्री अकराला पुन्हा भुकेली होतात. रात्री उशिरा फुकट काय मिळतं, ते एजंटकडून लेखी घ्या. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगमध्येच नोंदवा, चढल्यावर सांगून उपयोग होत नाही. घरी केलेलं अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. कंपनीच्या सीलबंद पाकिटातली शेंगा चटणी आणि कडक भाकरी चालते का ते आधी विचारा, परवानगी असेल तर जरूर न्या. तिसऱ्या दिवशी तिची किंमत कळते.

समुद्र लागण्याची भीती असेल तर पहिली सफर सिंगापूरची करा. मलाक्काच्या सामुद्रधुनीला सुमात्रा बेटाचा आडोसा असल्याने तिथलं पाणी एरवी शांत असतं. गोळी कुठली आणि किती, ते आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि ती त्रास सुरू होण्याआधी द्या. मळमळ सुरू झालीच तर मोबाइल बाजूला ठेवून उघड्या डेकवर क्षितिजाकडे बघत बसायचं, सोबत आल्याचा तुकडा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी भारी असते. विमा घेताना क्रूझचा उल्लेख आहे ना ते वाचा.

पायरी ११: चढण्याआधी घरात ठरवायचे नियम

मोकळीक द्यायचीच, म्हणून आधी बोलून घ्यायचं. आमच्या घरी हे नियम आहेत. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र. कुणाच्याही केबिनमध्ये जायचं नाही, कुणाला आपल्या केबिनमध्ये बोलवायचं नाही, भेटायचं ते सार्वजनिक जागेतच. बाल्कनीच्या कठड्यावर चढायचं नाही, फोटोसाठीसुद्धा. बंदरावर एकट्याने उतरायचं नाही. कुणी प्यायला काही दिलं तर घ्यायचं नाही. रात्री परतायची वेळ ठरलेली. रॉयल कॅरिबियनवर अल्पवयीनांना रात्री एकनंतर एकटं फिरायला बंदी आहे. आपली वेळ त्याआधीची असू द्या, आणि तेरा आणि सतरा वयाला एकच वेळ लावू नका. नेटवर्क नसताना निरोप कसा द्यायचा तेही ठरवा. केबिनच्या दाराला चिकटवायच्या चिठ्ठ्या सर्वांत खात्रीच्या.

जहाज सुटताना आणीबाणीची कवायत असते. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया बुडालं, त्यानंतर ही कवायत निघण्याआधी किंवा निघताक्षणी घेणं सक्तीचं झालं. मुलं कंटाळा करतात, तरी आपलं जमायचं ठिकाण प्रत्येकाला चालत जाऊन दाखवा.

मग पहिल्या संध्याकाळी टीन क्लबची ओळखसभा असते. तिची वेळ त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा ॲपवर मिळते. मुलगी म्हणेल, उद्या जाते. पण गट पहिल्याच संध्याकाळी जमतात, दुसऱ्या दिवशी आत शिरायला जड जातं. तिला दारापर्यंत सोडा, आत डोकावू नका, आणि अर्ध्या तासाने कुठे भेटायचं तेवढं सांगून निघा. ती अर्ध्या तासाने आली नाही आणि दाराला "जेवायला साडेआठला येते" अशी चिठ्ठी लावून गेली, तर जहाज बरोबर निवडलं असं समजा.